सामाईक भिंत

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज सकाळी उठल्यावर तोंडही न धुता मी आईच्या खोलीत थर्मामीटर नेऊन ठेवला. थोड्या वेळाने पाहिलं तर पंधरा. जागा बदलून ठेवला, तरी पंधराच. बाकीच्या घरात वीस-एकवीस आहे. आई पांघरुणातून म्हणाली, "ताप मला आहे का भिंतीला, ते तरी सांग."

घरांतून किती उष्णता बाहेर जाते ते मोजणं हेच माझं पोटापाण्याचं काम. भिंत केवढी, कशाची, खिडकीला काच एकेरी की दुहेरी, फटी किती, बाहेर थंडी केवढी आणि आत ऊब किती हवी, हे सगळं टिपायचं, गुणाकार करायचे, बेरीज करायची. त्यावरून कोणत्या खोलीला केवढा रेडिएटर लागेल ते ठरतं. हे घरही मीच मोजलं होतं. थोरल्या भावाचं, दादाचं घर आणि आमचं घर एकाच वेळी, एकमेकांना चिकटून बांधलं. मध्ये एकच सामाईक भिंत. आईची खोली त्या भिंतीला लागून आहे आणि पलीकडे तशीच दादाची खोली. सामाईक भिंतीच्या रकान्यात शून्य लिहायचं, हा आमच्या कार्यालयाचा नियम. पलीकडेही घर तापलेलंच असतं, तेव्हा ऊब तिकडे जायचं कारण नाही. म्हणून आईच्या खोलीत छोटा रेडिएटर. इतके हिवाळे तो पुरला. याच वर्षी काय झालं कळत नाही.

ही म्हणाली, "अख्ख्या शहराला ऊब वाटत फिरता आणि घरात आई कुडकुडते. लोकांना सांगू नका हो, गिऱ्हाइकं तुटतील."

दुपारच्या चहाला नेहमीप्रमाणे वहिनी आल्या. दादा उन्हाळ्यात गेला, तेव्हापासून त्यांना रोज चहाला बोलवायचं असं आम्ही ठरवलंय, आणि त्यात खंड पडलेला नाही. दादाचा बस चालवतानाचा जाड कोट त्या अंगावरून काढत नाहीत. आठवण म्हणून घालत असतील. रेडिएटरला पाठ टेकून बसतात. निघताना म्हणाल्या, "भावोजी, तुमच्या ओळखीचा तो बॉयलरवाला कधी इकडे फिरकला तर सांगा हं."

"का, काही बिघडलंय?"

"नाही हो. सहजच."

सांगेन म्हणालो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आईच्या खोलीतल्या रेडिएटरमधली हवा काढली. खिडकीच्या चौकटीला नवी रबरी पट्टी लावली. दाराखाली कापडाची गुंडाळी ठेवली. साडेपंधरा. अर्धा अंश म्हणजे माझ्या धंद्यात काहीच नाही.

नवी तक्रार अशी की पाइप वाजतो. रात्रीची जेवणं झाल्यावर थोड्या वेळाने आईच्या खोलीकडून ठक ठक असा आवाज येतो. पहाटे मी नामस्मरणाला बसतो, तेव्हा पुन्हा. पाण्यात हवा अडकली की असं होतं. पण हवा तर मी आजच काढली.

रविवार, ९ नोव्हेंबर

सुट्टी असल्याने पंप उघडून साफ केला. हात काळे, पाठ मोडली. रात्री कान देऊन ऐकलं. आवाज दोन प्रकारचे आहेत. आधी एक जवळचा, खणखणीत. मग जरा थांबून एक लांबचा, दबका. म्हणजे धक्का कुठेतरी जाऊन परत येतोय. पाण्याचं असं होतं खरं, पण ते इतकं सावकाश होताना मी कधी ऐकलं नाही.

आईच्या खोलीत गेलो तर आवाज बंद. आई उशीला टेकून बसली होती, काठी मांडीवर.

"आई, आत्ता पाइप वाजला ना?"

"वाजला असेल बाबा. मला कुठे धड ऐकू येतं?"

हेही खरं नाही. शेजारच्या गल्लीत कोणाचं काय चाललंय ते तिला ऐकू येतं.

हल्ली तिला गरम पाण्याच्या दोन पिशव्या लागतात, गेल्या वर्षी एक पुरायची. ही चहाच्या वेळी दोन्ही भरून देते. एकीला हिने हिरव्या लोकरीचं आवरण विणलंय. म्हणजे खोली नक्कीच जास्त थंड आहे. हे टिपून ठेवतो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

एका शिंप्याकडून तक्रार आली. गेल्या वर्षी त्याचं घर मी मोजलं होतं. शिवणकामाची खोली तापत नाही म्हणे. गेलो. शिंपी मफलर बांधून मशीनवर बसला होता.

"साहेब, सुईत दोरा ओवेपर्यंत बोटं आखडतात. गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं तर ते कोट काढायला तयार नाही. सगळ्यांचे कपडे एक माप मोठे व्हायला लागलेत."

मी खिडकी पाहिली, छत पाहिलं, रेडिएटर पाहिला. सगळं ठीक. भिंतीला हात लावला, तर बर्फ. विचारलं, "पलीकडे कोण राहतं?"

शिंप्याची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "आता विचारताय? कोणी राहत नाही. म्हातारा-म्हातारी मुलाकडे गेली. कुलूप आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही मोजायला आला होतात तेव्हाही होतं की. त्याच कुलपासमोर उभे राहून टेप सोडत होतात तुम्ही. मला वाटलं, तुम्हाला दिसतंय."

कागद काढून पाहिला. सामाईक भिंत, शून्य. अक्षर माझंच. मोठा रेडिएटर बसवून देतो म्हणून सांगितलं आणि माफीही मागितली. शिंपी चांगला माणूस आहे. म्हणाला, "होतं असं, मीही कधी कधी उंच माणसाला आखूड पँट शिवतो."

आमच्या गावच्या शाळेत गुरुजी पाटीवरचं उत्तर बघायचे, बरोबर असलं तरी विचारायचे, "हे आलं कुठून?" शेजाऱ्याकडे बघून लिहिलेलं असलं की आमची बोबडी वळायची. मी कितीतरी घरांत हे शून्य लिहिलंय. ते आलं कुठून, तर छापील सूचनेतून. एकाही शेजाऱ्याचं दार मी ठोठावलेलं नाही. यापुढे ठोठावायचं, हे नक्की.

आईच्या खोलीचं मात्र कारण सापडत नाही. रविवारी माळ्यावर चढून छताचा थर तपासीन.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

छत उत्तम आहे. आईला खोकला धरला. डॉक्टर येऊन गेले. छाती भरलेली आहे, खोली उबदार हवी, असं मलाच सांगून गेले. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

ठरवलं की आईने आमच्या खोलीत झोपायचं आणि आम्ही तिच्या. आईने साफ नकार दिला. मग म्हटलं, निदान पलंग तरी त्या भिंतीपासून सरकवू, खिडकीची बाजू थंड असते, पण ही भिंतही हाताला थंड लागते.

"पलंग भिंतीशीच राहील."

"अगं, पण का?"

"मला भिंतीची सवय आहे. माणसाला कशाची सवय असते, कशाची नसते. तू तुझं मोजमाप कर."

वय झालं की हट्ट वाढतो. पहाटे देवापुढे बसलो तेव्हा तिच्या छातीसाठी मागितलं. स्वतःसाठी मागायचं नाही असा माझा नेम आहे, पण आईसाठी मागणं हे स्वतःसाठीच की काय, यावर विचार करत राहिलो आणि जप चुकला.

बॉयलरवाला आज कार्यालयात भेटला होता. काहीतरी सांगायचं होतं त्याला, आठवलं नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

चहा पिता पिता वहिनी म्हणाल्या, "एक सांगायचं होतं. मी घर भाड्याने देतेय. माझ्या भावाकडे जाऊन राहीन म्हणते."

ही हातातली किटली घेऊन तशीच उभी राहिली. मी म्हणालो, "विचार चांगला आहे. एकटीला एवढं घर कशाला?" मला खरंच तसं वाटलं. त्यांचा भाऊ सज्जन आहे, माणसांचा गोतावळा आहे, त्यांचं मन रमेल.

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हो ना. एकटीला एवढं घर कशाला?" आणि कप खाली ठेवला. डिसेंबरच्या तेरा तारखेला, शनिवारी, भाडेकरू घर पाहायला येणार.

त्या गेल्यावर ही म्हणाली, "तुम्ही काय बोललात कळलं का तुम्हाला?"

"काय बोललो? त्यांच्याच मनातलं बोललो."

"मनातलं असं लगेच कबूल करतात का हो कोणी? 'राहा' म्हणायला काय हरकत होती?"

"मग तू का नाही म्हणालीस?"

"मी धाकटी जाऊ. मी 'राहा' म्हटलं तर उपकार वाटतात. तुम्ही म्हटलं तर हक्क."

मला हे बारकावे झेपत नाहीत. आई जेवली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. खोकला आहेच. रात्री पाइप बराच वेळ वाजत होता.

बुधवार, २६ नोव्हेंबर

घर भाड्याने द्यायचं तर त्याचा उष्णतेचा दाखला जोडावा लागतो. वहिनींसाठी तो मीच करणार, हे ओघाने आलं. म्हटलं, उद्या टेप घेऊन येतो.

"कशाला एवढा त्रास?" वहिनी घाईने म्हणाल्या. "आपली दोन्ही घरं सारखीच तर आहेत. तुमच्याच घराचे आकडे लिहा ना उलटे करून."

तेही बरोबर होतं. त्यांचं घर म्हणजे आमच्या घराची आरशातली प्रत. जेवणानंतर टेबलावर कागद पसरून भरायला बसलो. आमचं डावं ते त्यांचं उजवं, असं करत सामाईक भिंतीच्या रकान्यापर्यंत आलो आणि शून्य लिहिणार, तेवढ्यात शिंप्याची बायको डोळ्यांसमोर आली, तिचं वाक्य आलं. मला वाटलं, तुम्हाला दिसतंय.

पेन बाजूला ठेवलं. हे शून्य आलं कुठून? पलीकडची खोली तापलेली आहे, हे मला कोणी सांगितलं? दादा गेल्यापासून मी त्या घरात पाऊल टाकलंय का? तेराव्यानंतर नाही. वहिनीच रोज इकडे येतात, म्हणून तिकडे जायची वेळच आली नाही.

उद्या कार्यालयातून कॅमेरा आणतो.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

हा कॅमेरा उष्णता दाखवतो. गरम तिथे पिवळं-तांबडं, थंड तिथे निळं. आईच्या खोलीत भिंतीसमोर धरला. सगळी भिंत निळी. बाहेरच्या भिंतीइतकीच निळी. आणि तिच्या मधोमध, आईच्या पलंगाच्या पायथ्याशी, आणखी गडद निळा उभा चौकोन. दाराएवढा. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. भिंतीचा मात्र लागला.

आई म्हणाली, "काय दिसतं रे त्यात?"

"पलीकडे थंडी आहे आई. बाहेरच्याइतकी."

आईने पांघरूण वर ओढून घेतलं. तिला आश्चर्य वाटलं नाही, एवढं मला दिसलं.

तसाच उठून आमच्या पायऱ्या उतरलो आणि वहिनींच्या चढलो. दार त्यांनी अर्धंच उघडलं. अंगात दादाचा कोट, डोक्याला शाल.

"भावोजी? चहा तर व्हायचाय अजून तुमच्याकडे."

"आत येऊ का?"

त्यांना बाजूला व्हावं लागलं. आत श्वासाची वाफ दिसत होती. दादाची खोली बंद, पुढची खोली बंद. स्वयंपाकघरात खाट आणून टाकलेली, शेजारी विजेचा छोटा हिटर, आणि खाटेवर हिरव्या लोकरीच्या आवरणातली आमची गरम पाण्याची पिशवी.

"हे काय वहिनी?"

"काय काय? स्वयंपाकघर गरम आहे की. बसा."

"बॉयलर बंद आहे?"

"मी पेटवत नाही. ते बटण दाबून धरायचं, मग ज्योत लावायची, मग मोजत उभं राहायचं. ते सगळं हेच करायचे, रोज पहिल्या बसला जाण्याआधी. मी एकदा करून बघितलं तर भक्कन् झालं. भुवया वाचल्या एवढंच."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. बॉयलरवाल्याचं विचारलं होतं तुम्हाला."

"तुम्ही 'सहज' म्हणालात."

"सहजच विचारतात भावोजी. काय रडून विचारायचं?"

खाली बसून बॉयलर साफ केला, नळीत कचरा अडकला होता तो काढला, पेटवला. मग विझवला आणि त्यांना पेटवायला लावला. त्या डोळे मिटून मोजत होत्या. पेटल्यावर म्हणाल्या, "एवढंच होतं होय."

रात्रीपर्यंत आईच्या खोलीत सतरा. थर्मामीटर बघताना एक गोष्ट लक्षात आली. इतके दिवस आमची ऊब त्या भिंतीतून पलीकडे जात होती, बंद खोलीत. मी हे हिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे नकळत का होईना, तेवढं तरी केलंत."

"तुला पिशवीचं माहीत होतं?"

"जाताना आई भरलेली द्यायच्या, दुसऱ्या दिवशी चहाला आल्या की कोटातून परत यायची. मला वाटलं, कंबर दुखत असेल. थंडीचं तुम्ही बघणार, मोजणारे तुम्ही."

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

खोली वीस. जेवणानंतर मी आईजवळ बसून होतो. वेळ झाली तशी तिने माझ्यासमोरच काठी उचलली आणि तिच्या मुठीने भिंतीवर दोन ठोके दिले. पलीकडून तीन आले.

"हा पाइप?" मी विचारलं.

"दोन म्हणजे 'आडवी झालीस का', तीन म्हणजे 'झाले'. पहाटे एक."

"एक म्हणजे काय?"

"एक म्हणजे आहे."

"आणि मी पंप खोलला."

"तुझं मन रमलं होतं, म्हटलं चालू दे. घरातलं एक यंत्र तरी स्वच्छ झालं."

"आई, तुला सगळं माहीत होतं. सांगितलं का नाहीस?"

"थोरलीने शपथ घातली होती. आणि मला वाटलं, तू घरं मोजणारा, भिंतीला लागून राहणारं माणूस कधीतरी मोजशील."

हिशेबात आम्ही माणूस धरत नाही, हे तिला काय सांगणार? नियमच आहे. एक माणूस नुसतं बसून राहिलं तरी एखाद्या जुन्या दिव्याएवढी ऊब देतं, पण ती मोजायची नाही, घर रिकामं आहे असं धरून चालायचं. आज नामस्मरणात मन लागलं नाही. बसून राहिलो, एवढंच.

रविवार, ३० नोव्हेंबर

दोन्ही घरं ज्याने बांधली तो गवंडी अजून हिंडता-फिरता आहे. कॅमेऱ्यातला तो चौकोन मनातून जाईना, म्हणून त्याला बोलावलं. त्याने भिंतीवर हातोडीच्या दांड्याने टकटक केलं, आवाज बदलला तिथे थांबला आणि हसायला लागला.

"अजून आहे तर."

"काय आहे?"

"दार. थोरल्यांनी सांगितलं होतं, इथे वर दारासाठी लिंटेलची तुळई टाकून ठेव आणि खाली अर्ध्या विटेने बुजवून घे. पुढेमागे लागेल. वर म्हणाले, धाकट्याला बोलू नको, त्याचा हिशेब बिघडेल."

खरंच बिघडला असता. दोन घरांच्या मध्ये दार असलं की ऊब कोणाची किती, हे सांगता येत नाही. बांधताना दादाने दाराचं सुचवलं होतं आणि मी हेच कारण देऊन नको म्हटलं होतं. तो वाद न घालता 'बरं' म्हणाला होता. आता कळलं, 'बरं' म्हणजे काय होतं ते.

आई सगळं ऐकत होती. डोळे पुसले, पण म्हणाली एवढंच, "लबाड."

बुधवार, ३ डिसेंबर

दोन्ही घरं आता सारखी तापलेली आहेत. आईचा खोकला उतरतोय. मला वाटलं, प्रश्न सुटला. चहाच्या वेळी वहिनींना म्हटलं, "मग आता भाडेकरूला नको म्हणून कळवायचं ना?"

"का? दाखला तयार नाही झाला का?"

"आता घर गरम आहे."

"मी थंडीमुळे नव्हते निघाले भावोजी."

मग कशामुळे, ते मी विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलं होतं, पण ही समोर होती, आई होती, आणि वहिनी कोटाची बटणं लावत होत्या. आता त्या कोट काढून बसतात. जाताना मात्र घालतात, चार पायऱ्यांसाठी.

रविवार, ७ डिसेंबर

दार उघडावं असं मनात आहे. कोणाशी बोललो नाही, गवंड्याशीही नाही. आधी हिच्याशी बोलावं म्हणून आज बोललो.

ती भाजी चिरत होती. म्हणाली, "दार उघडलं की इकडचं भांडण तिकडे ऐकू जाणार."

"आपण कुठे भांडतो?"

"भांडत नाही कारण तुम्ही ऐकत नाही. ते असू दे. वहिनींना विचारलंत का?"

"नाही."

"मग मला कशाला विचारता? भिंत त्यांचीही आहे. आणि हे बघा, तुमची दया येते म्हणून राहा, असं काही बोलायला जाऊ नका. तुमचं काही सांगता येत नाही."

माझी शंका वेगळीच आहे. त्या नाही म्हणाल्या तर? विचारलंच नाही तर निदान नकार तरी येणार नाही. आणि शनिवारी भाडेकरू येणार. तो सज्जन असेल, बॉयलर पेटवील, खोली तापवील, आईची खोली एकवीस राहील. माझ्या हिशेबात काहीच बिघडणार नाही. आई रात्री भिंतीवर दोन ठोके देईल आणि पलीकडचा माणूस पाइप तपासायला उठेल.

गुरुवार, ११ डिसेंबर

आज कामावरून परत येताना घरी न जाता वहिनींच्या पायऱ्या चढलो. म्हटलं, "चहा कराल का?"

त्या दारातच थबकल्या. "इथे?"

"इथे."

चहा झाला. त्यांचा चहा आमच्यापेक्षा कडक असतो, हे मी विसरून गेलो होतो. दादाची खोली आता उघडी होती. भिंत तिकडूनही पाहिली. बरंच मनात जुळवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना, तेव्हा सरळच विचारलं, "वहिनी, का जाताय?"

त्यांनी कप फिरवला.

"तुम्ही रोज बोलावता. धाकटी गरम गरम करून देते, आई वाट बघतात. कुठे बोट ठेवायला जागा नाही. पण मी रोज येते, खाते, पिते आणि जाते. पाहुणी कशी असते? यांच्यानंतर या घरात कोणी एक कप चहा प्यायला नाही. दूध आणायचं ते मी बंदच केलं होतं. आज तुमच्यासाठी कोरा करावा लागला, लक्षात आलं ना?"

आलं नव्हतं. मला वाटलं, कडक आहे.

"आई तर येऊच शकत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमच्या पायऱ्या उतरायच्या, माझ्या चढायच्या. मग मी कोणासाठी तापवायचं?"

मी त्यांना दादाच्या लिंटेलचं सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. त्या भिंतीकडे वळल्या.

"यांनी मलाही नाही सांगितलं. मी तुम्हाला सांगेन म्हणून."

"उघडायचं का?" मी विचारलं. "मी आईसाठी विचारतोय आणि माझ्यासाठीही. तुमच्यासाठी म्हणून नाही."

हे शेवटचं हिने शिकवलेलं नव्हतं, आपोआप आलं.

"कडी माझ्या बाजूला हवी," वहिनी म्हणाल्या. "मला वाटेल तेव्हा लावीन."

"बरं."

"आणि दुपारचा चहा एक दिवस तिकडे, एक दिवस इकडे. दूध मी आणीन."

"बरं."

"तुमच्या दादांसारखं 'बरं' म्हणू नका. खरं सांगा."

"खरंच बरं."

घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्याकडे कडी, तर आपल्याकडेही एक कडी हवी. जावा आहोत आम्ही, काही नियम असतात." सुताराला फोन केला. दोन्ही बाजूंनी कडी असलेलं दार त्याने फक्त कचेरीत बसवलंय म्हणे.

रविवार, १४ डिसेंबर

भाडेकरूला वहिनींनी स्वतःच फोन करून कळवलं. दाखल्याचा अर्धवट कागद मी फाडून टाकला.

काल गवंडी आला. आईला आमच्या खोलीत बसवलं होतं, धूळ नको म्हणून, पण ती दारात खुर्ची घेऊन बसली. अर्ध्या विटेचं काम, काढायला वेळ लागला नाही. लिंटेल सरळ, जसाच्या तसा, एक तडा नाही. पहिली वीट निघाली तेव्हा पलीकडे वहिनींचा चेहरा दिसला. त्यांनी विटेच्या भोकातून विचारलं, "धाकटे, साखर आहे का गं?" ही म्हणाली, "आली का मागायला?" दोघी हसल्या, गवंडी थांबला आणि मग पुन्हा कामाला लागला.

आज दार बसलं. दोन्ही कड्या लावून पाहिल्या, नीट लागतात. दोन्ही खोल्यांत थर्मामीटर ठेवले, वीस आणि वीस. यातली आमची ऊब किती आणि त्यांची किती, ते आता काढता येणार नाही. मी काढणारही नाही.

जेवणं झाल्यावर आई काठी टेकत पलंगापासून दारापर्यंत गेली आणि चौकटीवर काठीच्या मुठीने दोन ठोके दिले.

"अहो आई, दार उघडंच आहे," पलीकडून वहिनी म्हणाल्या.

"माहीत आहे," आई म्हणाली, आणि आत गेली.